मापाचा माणूस

बागेत अकरा बाकं आहेत. नऊ लाकडी, दोन दगडी. लाकडींपैकी तीन बाकांच्या पाठी सुटलेल्या. गुलाबाचे वाफे सहा, नेच्यांचा एक, आणि एक असा की ज्यात काय लावलंय ते माळीणबाईंनाही सांगता येत नाही. खांबांचे बुंधे चौदा, त्यातला सर्वांत उंच माझ्या कमरेइतका. नळ एक, गळका. फाटक एक, हिरवं. भिंती कागदावर चार, पण दक्षिणेकडची कधीच गेली आणि पूर्वेची कमानीपाशी थांबते, म्हणजे खऱ्या अडीच. छत नाही. ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एका आगीत गेलं. पुन्हा बांधायला कुणाकडे ताकद नव्हती, म्हणून चर्चच्या आत माती टाकून बाग केली, आणि लोक जिथे गुडघे टेकत असत तिथे आता डबे उघडून जेवतात. उत्तरेच्या भिंतीला तीन खिडक्या आहेत, काच एकीलाही नाही. मधल्या खिडकीच्या उजव्या खांद्यापासून एक भेग निघते आणि वर, भिंत संपते तिथपर्यंत जाते. तिच्या पलीकडे आभाळ दिसतं. या भेगेचा फोटो काढणं आणि त्यावरून तिची रुंदी सांगणं हे माझं काम आहे. वर्षातून एकदा, वसंत संपताना, सकाळच्या सपाट उजेडात.

या वर्षी भेग तीन मिलिमीटरनं वाढली. आकडा पडद्यावर आला तेव्हा मी सफरचंद खात होते, ते तसंच हातात राहिलं. आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर, जिथे प्रिंटर ठेवलाय. जुन्या इमारतींचे फोटो काढून त्यांची मापं आम्ही नगरपालिकेला देतो. मॅडम, मी, आणि आणखी दोघं, जी बहुतेक बाहेरच असतात. नगरपालिकेच्या अभियंत्यांनी मर्यादा घालून दिली होती: वर्षाला दोन मिलिमीटर. त्याच्या आत असेल तर बाग उघडी. त्याच्या वर गेलं तर फाटकाला कुलूप, आणि कुलूप लागलं की ते कधी निघतं ते सगळ्यांना माहीत आहे. नदीकाठच्या जुन्या गोदामाला लागलेलं अजून आहे. मी पुन्हा मोजलं. मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, चष्मा कपाळावर सरकवला, आणि म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा मोजून कमी होतं का गं ते?" मी म्हटलं, नाही. "मग गुरुवारपर्यंत पाठव. बिचारी बाग." आणि त्या प्रिंटरशी भांडायला गेल्या.

मला त्या बागेचं एवढं काय, असं कुणी विचारलं असतं तर मी बाबांचं नाव सांगितलं असतं. बाबा रोज तिथे जातात. सकाळी दहाला निघतात, दीडला परततात, दगडी बाकांपैकी नळाजवळच्या बाकावर बसतात. आई गेल्यावर पहिलं वर्षभर ते कुठेच जात नव्हते. घरात खिडकीशी उभे राहायचे, समोरच्या इमारतीत कोण किती वाजता दिवे लावतं ते त्यांना पाठ झालं होतं. मग मी एका सकाळी त्यांना माझ्याबरोबर फोटोच्या कामाला नेलं. एकटं ठेवायची भीती वाटत होती, इतकंच. त्या दिवशी आमची दोन मीटरची लाल-पांढरी पट्टी दुसऱ्या कामावर गेलेली होती आणि ते मला बागेत पोचल्यावर कळलं. पट्टीशिवाय फोटो म्हणजे नुसता फोटो. त्यावरून काही मोजता येत नाही. बाबा म्हणाले, "मी उभा राहतो की. माझी उंची माहीत आहे ना? एकशे बहात्तर. नोकरीला लागलो तेव्हा डॉक्टरांनी मोजून लिहिलीय." ते शाळेत कवायत शिकवायचे. छत्तीस वर्षं शेकडो पोरांना त्यांनी सरळ रेषेत उभं केलं आणि पोरं त्यांना मागे 'फूटपट्टी' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही. त्यांनी बूट काढले, माळीणबाईंनी खाली वर्तमानपत्र घातलं, टाचा भिंतीला लावून, हनुवटी आत घेऊन ते उभे राहिले. मी चौदा मीटरवरून फोटो घेतला. मग ऑफिसात पडद्यावर एक क्लिक त्यांच्या डोक्यावर, एक क्लिक टाचेवर, मध्ये लिहायचं एकशे बहात्तर. तेवढं केलं की सगळी भिंत आपोआप सेंटिमीटरमध्ये बोलायला लागते. मॅडमना गंमत वाटली. पण पुढच्या वर्षी मी पट्टी न्यायला निघाले तर म्हणाल्या, "पट्टी नको. बाबांनाच ने. दर वर्षी तीच जागा, तोच कॅमेरा, तेच माप. माप बदललं तर तुलना कशाशी करणार?" हे बरोबर होतं. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं. तेव्हापासून ते मापाचा माणूस आहेत, आणि बाग त्यांची आहे.

या खेपेलाही ते उभे राहिले होते. त्या सकाळी मी फार थकलेली होते. आठवडाभर एका रेल्वे पुलाखाली पाण्यात उभं राहून काम केलं होतं आणि कान अजून रुळांच्या आवाजानं भरलेले होते. माळीणबाई नेहमीसारखं वर्तमानपत्र घेऊन आल्या. "मास्तर, यंदा तरी हसा," म्हणाल्या. "मोजमापात हसत नाहीत," बाबा म्हणाले. "का, हसलात तर भिंत पडेल?" "भिंतीचं माहीत नाही. रेघ वाकडी होते." मी कॅमेऱ्यातून बघत होते. चौकटीत बाबा अंगठ्याएवढे दिसतात. अंगठ्याएवढा माणूस सरळ आहे की नाही ते मी बघितलं, आणि तो सरळ होता. खांदे जरा पुढे आले होते. मी ओरडले, "खांदे." त्यांनी खांदे मागे घेतले, ते परत पुढे आले. वयामुळे असेल म्हटलं, आणि बटण दाबलं.

आकडा आला त्या संध्याकाळी मी घरी काही बोलले नाही. बाबांनी बटाटे उकडले होते. ते माळीणबाईंच्या नेच्यांबद्दल सांगत होते. तिला नवीन नळी मिळालीय, पण ती नळाच्या तोंडाला नीट बसत नाही, उद्या ते घरून रबराचा तुकडा नेणार आहेत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात ते फाटक बंद करून बघत होते. बाबा दहाला निघतात, फाटकाशी येतात, कुलूप बघतात, आणि मग? मग वळतात. वळल्यावरचं मला दिसत नव्हतं. मला खिडकी दिसत होती, समोरच्या इमारतीतले दिवे दिसत होते. "तू जेवत नाहीयेस," ते म्हणाले. मी म्हटलं, जेवतेय. "शास्त्रज्ञबाई, बटाटा हवेत धरून बसलात, वजन करताय का त्याचं?" मी तो तोंडात टाकला. ते उठले आणि मिठाच्या डब्यासाठी हात वर केला, मग हात खाली आणला आणि ओट्यावरचं मीठ घेतलं. मीठ आता ओट्यावरच असतं. कधीपासून ते मला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम यायच्या आधी मी ऑफिसात गेले आणि भेग सोडून बाकीचं मोजत बसले. हे काही हुशारीचं लक्षण नव्हतं. ज्याला एक आकडा पाठवायचा नसतो तो दुसरे आकडे मोजत बसतो. मधली खिडकी, रुंदी. गेल्या वर्षी एकशे शेहेचाळीस पूर्णांक आठ, यंदा एकशे पन्नास पूर्णांक आठ. खिडकी चार सेंटिमीटरनं कशी रुंदावेल? दगडी चौकट आहे, सांध्यात नवीन फट कुठेच नाही. दुसरी खिडकी घेतली. तीही रुंद. मग उंची घेतली, एकेक दगड घेतला, कमानीच्या माथ्यावरचा तो कोरलेला देवदूत घेतला ज्याचं नाक गेलंय. देवदूत वाढला होता. सगळं वाढलं होतं आणि सगळं सारखंच, शंभराला दोन पूर्णांक सात. भेगही तेवढीच. भिंत हलली तर एकीकडे हलते, फाटते, झुकते. ती सगळीकडून सारखी फुगत नाही. सगळं सारखंच वाढलेलं दिसत असेल तर वाढलेलं काहीच नसतं. मोजायला घेतलेलं माप लहान झालेलं असतं.

मी टेप घेऊन बसनं बागेत गेले. दरवाजाचा उंबरा, उत्तरेच्या भिंतीतला, फोटोत डाव्या कोपऱ्यात येतो आणि जमिनीवर आहे, हात लावता येतो. चार वर्षांत त्याला कुणी टेप लावला नव्हता, मीही नाही, कारण आमच्याकडे माप होतं आणि एकदा माप ठरलं की ते कुणी मोजत नाही. मी गुडघ्यावर बसून टेप ओढला. दोनशे चौदा. पुन्हा, दुसऱ्या टोकाकडून. दोनशे चौदा. यंदाचा फोटो त्याला दोनशे बावीस पूर्णांक सहा म्हणत होता. उठून मी भिंतीला टेकून उभी राहिले. नळाजवळच्या बाकावर एक म्हातारा पाठमोरा बसला होता. बारीक, बुटका, मान खांद्यात गेलेली, कोटाची कॉलर डोक्याच्या मागे वर आलेली, जणू कोट टांगायचा होता तो कुणीतरी चुकून बसवलाय. माझ्या मनात आलं, बाबांची जागा घेतली यानं, आता ते आले की कुरकुरतील. मग त्या म्हाताऱ्यानं खिशातून रबराचा तुकडा काढला आणि उजेडात धरून बघितला.

मी त्यांना हाक मारली नाही. फाटकातून बाहेर पडले, पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले आणि तिथूनही पुढे. रस्त्याचं काम चालू होतं, डांबराचा वास घशात बसत होता. कसं दिसलं नाही, हे मी स्वतःला विचारत होते, आणि मला दिसलेल्या गोष्टी एकामागून एक येत होत्या. त्यांच्या पँटी. खालून घोळायला लागल्या तेव्हा मीच म्हटलं होतं, धुऊन धुऊन कापड सुटलंय, आणि मीच दुमडून टाके घातले होते. मिठाचा डबा. बसमध्ये वरची कडी सोडून ते खांब धरायला लागले होते. मी म्हटलं होतं, बरं झालं, खांब जास्त पक्का. आणि आरसा. दाढीचा आरसा. मार्चमध्ये ते म्हणाले, "याचा खिळा जरा खाली मार, उजेड नीट येत नाही." मी हातोडी घेतली, चार बोटं मोजली आणि खिळा खाली मारला. तेव्हा माझी बोटं जे मोजत होती ते माझ्या डोक्यापर्यंत पोचलं नाही. त्याआधी, हिवाळ्यात, ते न्हाणीघरात स्टुलावर बसायला गेले आणि स्टूल वाटलं त्यापेक्षा थोडं मागे होतं. "आपटलो नाही, जोरात बसलो," असं सांगितलं होतं. तीन आठवडे पाठ शेकत होते. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "कवायतीच्या मास्तरला पाठ दुखली म्हणून डॉक्टरकडे नेलं हे पोरांना कळलं तर वर्षभर हसतील." कुठली पोरं? ती पोरं आता टकली झाली असतील. पण मी हसले होते, आणि विषय तिथेच राहिला. रोज समोर असलेल्या माणसाला डोळा रोज नव्यानं शून्यावर लावतो. काल जेवढा होता तेवढाच आज. फक्त कॅमेरा वर्षातून एकदा बघतो, आणि त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. मी ते ऐकून भिंतीच्या नावावर लिहिलं.

ऑफिसात परत येऊन मी जुने फोटो काढले. प्रत्येकात उंबरा होता. उंबरा दोनशे चौदा धरला की भेग चारही वर्षं एकशे दहा मिलिमीटर, केसभर इकडे नाही तिकडे नाही. भिंत उभी होती तशीच उभी होती. मी जे आतापर्यंत नगरपालिकेला पाठवत होते, अर्धा मिलिमीटर, मग आणखी अर्धा, ते सगळं भिंतीचं नव्हतंच. मी मॅडमना दाखवलं. चष्मा वर, चष्मा खाली. "म्हणजे बाग ठीक आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो. "आणि बाबा..." खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या, जे त्या कधी करत नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे असंच पाठवता येणार नाही गं. अभियंते काय म्हणतील? आकडा मर्यादेबाहेर गेला म्हणून यांनी पट्टीच बदलली. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं." मला ते माहीत होतं. परतताना बसमध्येच कळलं होतं. "जुनं माप खोटं का झालं ते दाखवावं लागेल. त्यांची उंची. आजची, टेपनं मोजलेली, फोटोवरून काढलेली नव्हे. तू मोज, सही कर, मी खाली सही करते." मग म्हणाल्या, "मी येऊ का? माझ्यापुढे तक्रार करणार नाहीत." मी नको म्हटलं.

फोटोवरून आकडा मला आधीच काढता आला असता. एकशे बहात्तरला दोनशे चौदानं गुणायचं, दोनशे बावीस पूर्णांक सहानं भागायचं, शाळकरी गणित. मी ते केलं नाही. कॅल्क्युलेटरवर हात गेला आणि मी त्यावर सफरचंदाचं कालचं वाळलेलं बूड ठेवून दिलं, मग ते उचलून कचऱ्यात टाकलं, मग हात धुऊन आले. मोजायच्या आधी उत्तर माहीत असलं की मोजणारा ते उत्तर वाचतो, हे एक कारण मी स्वतःला दिलं. चांगलं कारण होतं. मला ते पुरलं नाही, पण दुसरं शोधायचा कंटाळा आला होता. सगळ्याचाच कंटाळा आला होता: आकड्यांचा, भिंतींचा, माझ्या स्वतःच्या नीटनेटकेपणाचा, आणि घरी जाऊन तोंडावर जो साधा चेहरा घालावा लागणार होता त्याचा. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यापर्यंत चढताना मी प्रत्येक जिन्यावर एक वाक्य तयार केलं आणि पुढच्या जिन्यावर टाकून दिलं.

बाबा खुश होते. रबर बसलं होतं, नळ गळायचा थांबला होता. "माळीणबाई म्हणाली, मास्तर, तुम्हाला पालिकेत घ्यायला हवं. मी म्हटलं, वय निघून गेलं. तर म्हणते, त्यांच्याकडे आहेत त्यांचं कुठे राहिलंय." ते तिच्या विनोदावर खांदे हलवून हसले. मी पर्स ठेवली, टेप बाहेर काढला आणि म्हटलं, "बाबा, तुमची उंची मोजायची आहे."

"का? भरतीला पाठवतेस मला?"

"भिंतीचं माप जुळत नाहीये."

"मग भिंतीला मोज." ते टेपकडे बघत होते. "माझी मोजलेली आहे. डॉक्टरांनी मोजलेली."

"तुम्ही सत्तावीस वर्षांचे होतात तेव्हा."

"हाडं काय दर वर्षी नवी येतात?" आवाज जरा चढला. ते बशा उचलायला लागले, ज्या अजून वापरल्याच नव्हत्या, आणि एकीवर एक ठेवून पुन्हा मांडायला लागले. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाले, "किती फरक पडतोय भिंतीला?"

मी खरं सांगितलं. भेग तीन मिलिमीटरनं वाढलेली दिसतेय, मर्यादा दोनची आहे, आणि असंच पाठवलं तर बागेला कुलूप लागेल. पण भेग वाढलेली नाही. माप बदललंय. ते नवं मोजून दिलं तर बाग उघडी राहील.

खालून एक बस गेली आणि कपाटातले ग्लास किणकिणले. मी वाट बघत होते की ते चिडतील, मला बरं वाटलं असतं. "म्हणजे मी उभा राहून कुलूप लावत होतो," ते म्हणाले. मी म्हटलं, तसं नाही. "तसंच आहे. कवायतीत हेच. पुढचा हलला की मागची सगळी रांग वाकडी, आणि पुढच्याला वाटतं आपण सरळ." त्यांनी सपाता काढल्या. फ्रीज आणि दार यांच्या मधली भिंत रिकामी होती, तिथे ते स्वतःच गेले. टाचा मागे लावल्या. पाठ लावायला गेले, खांदे लागले तर डोकं लागेना, डोकं लावलं तर हनुवटी वर जाऊ लागली. मी हनुवटीला हात लावून ती खाली आणली. इतक्या जवळून मी त्यांच्याकडे पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. त्यांना साबणाचा आणि रबराचा वास येत होता. माझे डोळे त्यांच्या कपाळाच्या रेषेत होते. शाळेत तपासणीच्या दिवशी ते मला मोजायचे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या शर्टाचं दुसरं बटण असायचं, आणि इतर मुलींसारखंच मलाही ते आडनावानं पुकारायचे, म्हणून मी रात्री त्यांच्याशी बोलायची नाही.

"छाती भरून घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको. श्वास सोडा."

"सोडला तर कमी भरेल."

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं, फोटोसाठी बघतात तसं, माझ्या डोक्यावरून पलीकडे. श्वास सोडला. मी जाड पुस्तक त्यांच्या डोक्यावर आडवं धरलं, कोपरा भिंतीला काटकोनात टेकवला, पुस्तकाखाली पेन्सिलीची रेघ मारली. "व्हा बाजूला," मी म्हटलं. ते भिंतीपासून एक पाऊल पुढे आले, पण वळले नाहीत. मी टेपचं टोक फरशीवर पायानं दाबलं, वर ओढलं, रेघेशी धरलं.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं."

"एकशे पासष्ट पूर्णांक चार."